बाळसे की व्याधी?

अंगाने भरलेले मूल पाहिले की त्याची दृष्ट काढावी, ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नमुंजीत, चवथीला, देवळाच्या पालखीला कोणी नातेवाईक भेटले की प्रथम मुलाच्या गालाला हात जातो आणि ‘खात्यापित्या घरचे दिसते हो’ असे कौतुकाचे बोल निघतात. मूल सडपातळ असेल तर आईला उणे बोलणे ऐकावे लागते. ‘बाळसे’ हा आपल्या भाषेतील किती गोड शब्द! या शब्दामागे पिढ्यांचा अनुभव उभा आहे. ज्या घरांनी टंचाई पाहिली, ज्या आज्यांनी पेजेच्या निवळीवर पावसाळे काढले आणि ज्यांच्या शेजारपाजारी हगवणीने वा गोवराने मुले दगावली, त्यांच्या दृष्टीने अंगावर चार मुठी मांस असणे म्हणजे संकटकाळासाठी केलेली साठवण होती. त्या काळी ती दृष्टी यथार्थ होती. त्या आज्यांना आज हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु काळ बदलला आणि दृष्टी मात्र तीच राहिली, तर जी गोष्ट काल शहाणपणाची होती तीच आज घातक ठरते. वर्षा-दीड वर्षाच्या तान्ह्याच्या अंगावरील बाळसे निराळे. दहा वर्षांचा मुलगा शाळेचा एक जिना चढताना धापा टाकू लागतो, रात्री घोरतो आणि खेळाच्या तासाला कडेला बसून राहतो, तेव्हा त्याला बाळसे म्हणणे ही आत्मवंचना होय. जागतिक आरोग्य संघटना त्याला व्याधी मानते. लहानपणी स्थूल असलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले मोठेपणीही स्थूलच राहतात, आणि त्यांच्यापाठोपाठ मधुमेह, रक्तदाब, यकृतातील चरबी व सांध्यांची दुखणी चालत येतात. पूर्वी पन्नाशीत उंबरठा ओलांडणारी ही दुखणी आता पंचविशीत दार ठोठावू लागली आहेत.

जगाचे चित्र पाहावे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार शाळकरी व किशोरवयीन मुलांमध्ये स्थूल मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा प्रथमच अधिक झाले : ९.४ टक्के स्थूल, ९.२ टक्के अल्पवजनी. भारतात अद्याप अशी स्थिती नाही. तथापि पाच ते एकोणीस वर्षे वयाची सुमारे सव्वा कोटी भारतीय मुले २०२२ साली स्थूल होती, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाने दाखवून दिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ साली २.१ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. हे आकडे कोणाला किरकोळ वाटतील. पण अवघ्या चार-पाच वर्षांत प्रमाण दीडपटीहून वाढले आहे, आणि जेथे पैसा, मोटार व तयार खाणे अगोदर पोहोचते तेथे ही वाढ प्रथम दिसते. गोवा हा असाच प्रदेश आहे.

गोमंतकाची स्थिती तर अधिकच विचित्र आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीने सांगितले की, दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या या राज्यात पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. आणि त्याच राज्यात प्रौढ स्त्रियांपैकी तिघींमागे एकीहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. एका बाजूला खुरटलेले बालक आणि दुसऱ्या बाजूला फुगलेले घर, असे हे चित्र आहे. मुले आईबापांच्याच ताटातले जेवतात आणि त्यांच्याच सवयी उचलतात. तेव्हा आईबापांचा आजचा आकडा मुलांच्या उद्याचा असतो, हे सांगावयास ज्योतिषी नको.

कुपोषण आणि स्थूलता ही दोन परस्परविरुद्ध संकटे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा ठरविणारे मोठे काम आपल्या शेजारी पुण्यात झाले आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बाळे वजनाने इतकी लहान. स्नायू आणि पोटातील अवयवही लहान. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त असे हे बाळ! डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ने २००४ साली छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही तेच. पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. अधिक चरबी अर्थातच आपल्या पुणेकर डॉक्टरांची.

या संशोधनाचा आपल्याशी थेट संबंध आहे. ज्या मातेला गर्भारपणी पुरेसे सकस अन्न मिळाले नाही तिचे बाळ काटकसरीचे शरीर घेऊन जन्मास येते. पुढे त्याच बाळाला साखर, मैदा आणि तेल यांचा पूर भेटला, तर ते शरीर तो साठवून ठेवते आणि लवकर रोगी होते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी स्वतंत्र वाढतक्ते तयार केले आणि परकीय मापांपेक्षा धोक्याची रेषा खाली आणली. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्यांतील सर्वच मुले डोळ्यांना लठ्ठ दिसत असतील असे नव्हे. मूल ‘तसे काही जाड नाही’ म्हणून निश्चिंत राहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

हे घडले कसे? मुले अचानक आळशी वा खादाड झाली, असे मानणे हा शुद्ध अन्याय आहे. मुलांच्या दिवसाची घडण आपण मोठ्यांनी बदलली. एक पिढीपूर्वी गावातील मूल बांधावरून, कुळागरातून चालत शाळेत जात असे. आता बालरथ दारात येतो, नाहीतर वडिलांची स्कूटर असते. चालण्याच्या वाटा भरधाव वाहनांनी बळकावल्या, तेव्हा मुलाला एकटे पाठविण्यास आई धजत नाही. तिचे काय चुकले? शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की गृहपाठ, आणि उरलेला वेळ मोबाईलच्या पडद्यापुढे. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या हे खेळ पाठ्यपुस्तकातील धड्यांपुरते उरले. ज्या शेतात सुगीनंतर चेंडू उडत असे तेथे सदनिकांच्या रांगा उभ्या राहिल्या. २०२० व २०२१ ही महासाथीची वर्षे मुलांनी चार भिंतींत काढली. त्या काळात हातात आलेला पडदा नंतर खाली ठेवला गेलाच नाही.

खाण्याचेही तसेच झाले. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची आंबील, मुगाची वा अळसांद्याची उसळ, कुळथाची पिठी, सोलकढी, हुमण-भात आणि पोदेराकडची कोंड्याची पोळी हा या किनाऱ्याचा आहार. त्यात उणिवा नव्हत्या असे नाही. पण त्यात पोट भरून मन तृप्त होत असे. त्याची जागा आता चहात बुडविलेली बिस्किटे, दोन मिनिटांच्या शेवया, तळलेल्या कापांच्या चकचकीत पिशव्या आणि रंगीत गोड पाणी यांनी घेतली. या गोड पाण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. फसफसणाऱ्या पेयाच्या १०० मिलिलीटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सहा चमचे. मुलांच्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा वर्षांच्या मुलाला ही पाच टक्क्यांची मर्यादा म्हणजे सुमारे पाच चमचे साखर. एकच बाटली त्याचा दिवसाचा शिधा संपवून वर एक चमचा उसना घेते! शक्ती वाढविण्याच्या जाहिराती करणाऱ्या दुधातील भुकट्यांची गतही वेगळी नाही. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नये, कारण कायद्यात असा प्रकारच नाही, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाईन विक्रेत्यांना बजावावे लागले.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय ओळखण्याचा. वर्षातून दोनदा मुलाची उंची व वजन मोजावे आणि वाढतक्त्यावर नोंदवावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो मुलांच्या बाबतीत वय आणि लिंग पाहूनच वाचावयाचा असतो. मोठ्यांचा ठोकताळा त्यांना लावू नये. काही खुणा घरच्या घरीही दिसतात. मुलाच्या मानेवर, काखेत काळसर मखमली पट्टा उमटतो. तो मळ समजून कित्येक आया घासून घासून मुलाची कातडी सोलवटून काढतात. तो मळ नव्हे. शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याची ती सूचना आहे. घोरणे, गुडघे दुखणे, मुलींची पाळी अनियमित होणे याही खुणाच. मूल जाड आणि त्याच वेळी वयाच्या मानाने बुटके असेल, तर ग्रंथींचा दोष आहे काय हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. असा दोष फार थोड्या मुलांत असतो. ‘त्याला थायरॉईड असेल’ एवढे म्हणून घराने आपली जबाबदारी झटकू नये.

दुसरा उपाय उपचाराचा. आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे, छळ आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत वजन उतरविण्याचीही गरज नसते. ते आहे तेथे थोपवून धरले तर वाढती उंची पुढचे काम करते. ‘मोठेपणी आपोआप सडेल’ म्हणून वाट पाहणे मात्र चूक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली तसे स्पष्टच बजावले, आणि तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास मूल व कुटुंब यांना एकत्र बसवून आहार, हालचाल व सवयी यांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन करावे, असे सांगितले. मूल व कुटुंब एकत्र, हे शब्द महत्त्वाचे आहेत. औषधे आहेत, अतितीव्र स्थूलतेसाठी शस्त्रक्रियाही आहे. पण त्या मोठ्या मुलांपैकी निवडक मुलांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. महिनाभरात वजन उतरविण्याची हमी देणाऱ्या भुकट्या आणि गोळ्या यांना तर घराच्या पायरीवरही उभे करू नये.

तिसरे पथ्य जिभेचे. ‘ढोल्या’, ‘भोपळ्या’, ‘हत्ती’ ही नावे वर्गात पडतात आणि दुर्दैवाने घरातही पडतात. थट्टेने कोणाचे वजन उतरत नाही. उलट अपमानित झालेले मूल मैदानापासून दूर पळते, कोपऱ्यात बसून चोरून खाते आणि अधिकच जाड होते. ज्या शिक्षकाच्या तोंडून असा शब्द निघतो, त्याने त्या मुलाचा खेळाचा तास कायमचा हिरावून घेतला असे समजावे.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म एकाच वाक्यात आहे : पथ्य मुलाने नव्हे, घराने पाळावयाचे असते. वडिलांच्या हाती भज्यांची बशी आणि मुलापुढे काकडीच्या चकत्या, हा देखावा कोणालाही सुधारणार नाही. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध मिळावे. घरात तहान पाण्याने वा ताकाने भागावी. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मासळी हे आपले वरदान आहे. ती रव्यात घोळून रोज तळण्यापेक्षा हुमणात, सुक्यात अधिक वेळा शिजावी. मुलाने ‘पुरे’ म्हटले की पुरे. ताट साफ करण्याची सक्ती नको. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर घाम येईतो खेळावे, प्राथमिक शाळेतील मुलाने नऊ तास तरी झोपावे. सणावारांना आमचा मुळीच विरोध नाही. चवथीच्या नेवऱ्या आणि पातोळ्या पंचांगाप्रमाणे वर्षातून ठरल्या दिवशी येतात आणि जातात. घात करते ती रोजची दिवाळी, जी दुकानदाराच्या फळीवर बारमाही टांगलेली असते.

पण केवळ घरावर भार टाकून सरकार आणि समाज यांना मोकळे होता येणार नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली काढलेल्या नियमांनुसार अतिमेद, अतिसाखर व अतिमीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. शाळेत त्यांची जाहिरात करण्यासही मनाई आहे. वाचकांनी कोणत्याही दिवशी मधल्या सुट्टीत आपल्या मुलाच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहावे आणि हा नियम कोठे दिसतो ते स्वतःच पाहावे. पन्नास मीटर मोजावयास फीत लागते, इच्छा लागते. तिजोरी लागत नाही. अन्न व औषध प्रशासन आणि शिक्षण खाते यांनी एकमेकांकडे बोट न दाखविता हे काम करावे, आणि प्रत्येक शाळेच्या पालक-शिक्षक संघाने त्याचा जाब विचारावा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना कोणत्या खाद्यपेयात किती साखर आहे हे सांगणारे फलक लावण्यास सांगितले. इतर मंडळांच्या शाळांनी तसे करण्यास कोणाच्या आज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, गरीब गाडेवाल्याच्या पोटावर पाय येईल. का यावा? उकडलेले चणे, भाजलेल्या शेंगा, केळी, पेरू, शहाळे विकून गाडा चालत नाही असे कोण म्हणतो? पंचायती व पालिकांनी त्याला तसा परवाना आणि जागा द्यावी. दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. स्वातंत्र्याची किंमत मोजून ते मिळविलेल्या या भूमीत हा शब्द जपून वापरला पाहिजे. जाहिरातींचा अहोरात्र मारा सोसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची ‘निवड’ त्याची स्वतःची असते काय? चिलीने २०१६ साली अतिसाखर व अतिमेद पदार्थांच्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसविला, तेव्हा कंपन्यांनी आपणहून साखर घटविली. लोकशाही देशांनीच हे केले आणि तेथे कोणाचे स्वातंत्र्य बुडाले नाही.

मध्यान्ह आहाराचाही विचार व्हावा. आपल्या शाळांत महिलांचे स्वयंसहाय्य गट तो पोहोचवितात आणि पाव-भाजी हा त्यातील ठरून गेलेला पदार्थ आहे. या भगिनींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मिळणाऱ्या तुटपुंज्या दरात त्या काय काय करणार? दर वाढवून मिळाले आणि मैद्याच्या पावाऐवजी आठवड्यातून काही दिवस उसळ, नाचणे, भात-डाळ व अंडे देता आले, तर खुरटलेले मूल आणि स्थूल मूल या दोघांचेही एकाच ताटातून भले होईल. शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात घेतलेली उंची-वजनाची नोंद कागदावर न ठेवता पालकाच्या हाती, समजेल अशा भाषेत पडली पाहिजे. आणि शाळेच्या वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी मोडून खाण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावी.

मैदान हा शेवटचा, पण कळीचा मुद्दा. गावाच्या विकास आराखड्यात वाहनतळाला जागा सापडते, सभागृहाला सापडते. मुलांना धावण्यापुरती जमीन मात्र सापडत नाही. पुढच्या ग्रामसभेत रस्ते आणि गटारे यांच्याबरोबर कोणी तरी उठून एवढेच विचारावे, की आमच्या वाड्यावरील मुलांनी संध्याकाळी खेळावे कोठे? हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत विचारीत राहावे.

जुन्या आज्या मुलाची दृष्ट काढीत, ती त्याला दीर्घायुष्य लाभावे म्हणून. हेतू आजही तोच असला पाहिजे, रीत तेवढी बदलावी. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्यावर आजीने नातवाचा हात धरून देवळापर्यंत चालत जावे, येताना वाटेतल्या दुकानापाशी थांबू नये, आणि घरी आल्यावर दोघांनी एकेक वाटी आंबील प्यावी. उपचाराचा प्रारंभ एवढा सोपा आहे. तो आजच संध्याकाळी करता येईल.